रोटरी डिस्ट्रिक्टचं गव्हर्नरपद सांभाळायचं कसं: नाव ठरल्यापासून हिशोब देईपर्यंत

डिस्ट्रिक्टचा, म्हणजे एका भागातल्या सगळ्या रोटरी क्लबांचा, वर्षभराचा गव्हर्नर म्हणून नाव जाहीर झालं की पहिले आठ दिवस अभिनंदनाचे फोन येतात आणि मग सुरू होतात ते "टीममध्ये आमचं काय" वाले फोन. या दुसऱ्या फोनांना काय उत्तर द्यायचं तिथूनच तुमचं वर्ष सुरू होतं, कॅलेंडरवर ते अजून दोन-अडीच वर्षं लांब असलं तरी. रोटरीत गव्हर्नरची निवड पद हातात येण्याच्या २४ ते ३६ महिने आधी होते, पद घेताना किमान सात वर्षं रोटेरियन असावं लागतं आणि क्लबचं अध्यक्षपद पूर्ण वर्ष सांभाळलेलं असावं लागतं. वेळ भरपूर दिलेला असतो, तो सत्कार घेत फिरण्यात घालवायचा की कामात एवढंच ठरवायचं असतं.

मी बरीच वर्षं डिस्ट्रिक्ट टीममध्ये वेगवेगळ्या जबाबदाऱ्यांवर काम केलंय, त्यामुळे जे लिहितोय ते नॉमिनी (निवड झालेला), इलेक्ट (पुढच्या वर्षीचा गव्हर्नर) आणि त्यांच्याबरोबर राबणाऱ्या असिस्टंट गव्हर्नर (एजी) मंडळींसाठी. लायन्सवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल, त्यांचं वर्षही १ जुलैलाच सुरू होतं आणि झोन चेअरपर्सनची दुखणी आमच्या एजींसारखीच असतात.

आधी हे मनात पक्कं करा

गव्हर्नरला क्लबवर हुकूम चालवता येत नाही. प्रत्येक क्लब स्वायत्त असतो, त्याचं बोर्ड त्याचे निर्णय घेतं, त्याचा अध्यक्ष तुम्ही नेमलेला नसतो आणि तुम्हाला त्याला काढताही येत नाही. तुमच्या हातात असतं ते ट्रेनिंग, ग्रँटचा पैसा, चांगली माणसं एकमेकांना जोडून देणं आणि स्वतः तिथे जाऊन बसणं. बस्स. म्हणून माझं ठाम मत आहे की गव्हर्नरचं वर्ष कसं गेलं हे त्याच्या भाषणांवरून किंवा कॉन्फरन्सच्या स्टेजवरून ठरत नाही, डिस्ट्रिक्टमधल्या सगळ्यात लहान क्लबचा अध्यक्ष ३० जूनला काय घेऊन बाहेर पडला त्यावरून ठरतं.

आपल्याकडच्या डिस्ट्रिक्टचा पसारा बघा. डिस्ट्रिक्ट क्रमांक ३१३१ मध्ये पुण्यातले मोठमोठे क्लब आहेत आणि त्याच यादीत रायगडमधले छोट्या गावांचे क्लबही आहेत. ३०३० नाशिकपासून खानदेश-विदर्भ करत नागपूरपर्यंत जातो. ३१७० मध्ये कोल्हापूर, कोकण, गोवा, बेळगाव असं सगळं येतं, म्हणजे मराठी, कोंकणी, कन्नड तिन्ही भाषा. शहरातला सत्तर-ऐंशी मेंबरचा क्लब तुमच्याशिवायही छान चालतो, त्यांच्याकडे सीए आहेत, डॉक्टर आहेत, सीएसआरची (कंपन्यांच्या सामाजिक खर्चाची) ओळख आहे, प्रोजेक्टची पीपीटी बनवणारी माणसं आहेत. तालुक्याच्या वीस-बावीस मेंबरच्या क्लबकडे यातलं काहीच नसतं, तिथे अध्यक्ष स्वतः बॅनर छापून आणतो, स्वतः खुर्च्या लावतो आणि स्वतःच फोटो काढतो. तुमचा वेळ तिकडे गेला पाहिजे.

पायरी पहिली: नॉमिनी असतानाच क्लब समजून घ्या

नॉमिनी वर्षात एक वही करा, एक्सेल म्हणा हवं तर. प्रत्येक क्लबसाठी अर्धं पान. खरे किती मेंबर मीटिंगला येतात (कागदावरचा आकडा वेगळा असतो), मीटिंग कुठे आणि किती वाजता होते, गेल्या तीन वर्षांत अध्यक्ष कोण होते आणि त्यातले किती अजून क्लबमध्ये आहेत, स्वतःचा ट्रस्ट आहे का, कायमस्वरूपी प्रोजेक्ट कोणता, रोटरॅक्ट-इंटरॅक्ट (तरुणांचे आणि शाळकरी मुलांचे क्लब) चालू आहे का नावापुरता आहे, आणि क्लबमध्ये शब्द कोणाचा चालतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष एक असतो आणि क्लब दुसराच कोणीतरी ज्येष्ठ माणूस चालवत असतो, आणि तो ज्येष्ठ माणूस तुमच्या बाजूने असेल तर अर्धं काम सोपं होतं.

ही माहिती फॉर्म भरून घेऊन मिळत नाही. लग्नाला, पुरस्कार समारंभाला, शिबिराला जाल तेव्हा अर्धा तास आधी जा आणि सेक्रेटरीबरोबर चहा घ्या. सेक्रेटरी खरं सांगतो.

याच काळात रोटरी फाउंडेशनच्या (देणग्या घेऊन ग्रँट देणाऱ्या रोटरीच्या संस्थेच्या) पैशाचं चक्र नीट समजून घ्या, कारण पुष्कळ जण पद मिळाल्यावर शिकतात आणि तोवर उशीर झालेला असतो. क्लबांनी ॲन्युअल फंडच्या शेअर (SHARE) योजनेत दिलेल्या पैशातला जवळपास निम्मा भाग तीन वर्षांनी डिस्ट्रिक्टकडे डीडीएफ (डिस्ट्रिक्टने वापरायचा निधी) म्हणून परत येतो. म्हणजे तुमच्या वर्षात तुम्ही जे देणगीसाठी घसा कोरडा करून मागाल ते तुमच्यानंतरच्या तिसऱ्या गव्हर्नरला वापरायला मिळणार, आणि तुम्हाला जो पैसा मिळणार तो तुमच्या आधीच्या तिसऱ्याने गोळा केलेला. या एका गोष्टीमुळेच मागचे-पुढचे गव्हर्नर एकमेकांशी बोलत असलेच पाहिजेत. मागचा, चालू, पुढचा आणि त्यानंतरचा गव्हर्नर, म्हणजे आयपीडीजी, डीजी, डीजीई, डीजीएन या चौघांनी महिन्यातून एकदा तासभर तरी एकत्र बसावं, तीन वर्षांचे दोन-तीनच मोठे विषय ठरवावेत आणि ते बदलू नयेत. दरवर्षी नवा लोगो, नवी घोषणा, नवा ड्रीम प्रोजेक्ट यात तालुक्याचे क्लब थकून जातात, मागच्या वर्षी शाळेत लावलेले हँडवॉश स्टेशन चालू आहेत का हे बघायला कोणाला सवडच उरत नाही.

पायरी दुसरी: टीम

इथे सगळ्यात जास्त माणसं दुखावतात, आणि इथेच सगळ्यात जास्त हिंमत लागते. आपल्याकडे डिस्ट्रिक्ट डिरेक्टरी उघडली की कमिटी चेअरमन, को-चेअरमन, ॲडव्हायझर अशी पानंच्या पानं असतात, प्रत्येकाला काहीतरी दिलेलं असतं आणि काम दहा-बारा जण करत असतात. मी म्हणेन की कमिट्या कमी ठेवा. फाउंडेशन, मेंबरशिप, ट्रेनिंग, पब्लिक इमेज, युथ, फायनान्स, सेक्रेटरिएट. एवढी माणसं पक्की निवडा आणि त्यांना वर्षभर आधी कामाला लावा. बाकीच्यांना प्रेमाने सांगा की यंदा क्लबमध्ये तुमची गरज जास्त आहे.

फाउंडेशनचा चेअर, म्हणजे डीआरएफसी, हा तीन वर्षांसाठी असतो, तो तुमचा एकट्याचा नसतो. तो निवडताना पुढचे दोघे गव्हर्नर तुमच्याबरोबर असले पाहिजेत.

असिस्टंट गव्हर्नर निवडणं हे तर सगळ्यात मोठं काम. एकेका एजीकडे चार-सहा क्लब असतात आणि तुम्ही क्लबला वर्षातून एक-दोनदा भेटणार, एजी दर महिन्याला भेटणार. चांगला एजी कोण? जो माजी अध्यक्ष आहे, ज्याच्या व्यवसायातून त्याला संध्याकाळी मोकळं होता येतं, ज्याला गाडी चालवायचा कंटाळा नाही, आणि ज्याला स्वतःपेक्षा वयाने मोठ्या अध्यक्षाला नीट भाषेत "तुमचे ड्यूज भरले नाहीत" असं सांगता येतं. एजीला त्याच्या स्वतःच्याच शहरातले क्लब देताना दोनदा विचार करा, जुनी भांडणं असतात. शेजारच्या तालुक्याचा एजी बऱ्याचदा जास्त चालतो.

टीममध्ये बायका किती आहेत तेही मोजा. रोटरीने १९८९ साली महिलांना सभासदत्व खुलं केलं, त्याला आता साडेतीन दशकं झाली, तरी अजून कित्येक ठिकाणी बाईंना फक्त सूत्रसंचालन दिलं जातं. फायनान्स द्या, फाउंडेशन द्या, एजी करा. आणि मीटिंग रात्री साडेनऊला सुरू करून साडेअकराला जेवण वाढायची पद्धत बंद करा, कारण त्यामुळेच पन्नास किलोमीटरवरून येणारी अध्यक्ष पुढच्या वेळी येत नाही.

पायरी तिसरी: पेट्स आणि असेंब्ली

इलेक्ट वर्षात जानेवारीत इंटरनॅशनल असेंब्लीला (होऊ घातलेल्या गव्हर्नरांच्या ट्रेनिंगला) जाऊन आलात की लगेच फेब्रुवारी-मार्चमध्ये पेट्स येतं, होऊ घातलेल्या अध्यक्षांचं ट्रेनिंग (आता नाव थोडं बदललंय पण सगळे पेट्सच म्हणतात). हे तुमच्या सगळ्या वर्षातलं सगळ्यात मोलाचं दीड-दोन दिवसांचं काम आहे आणि दुर्दैवाने त्याचा अर्धा वेळ सत्कार, दीपप्रज्वलन आणि वक्त्यांच्या परिचयात जातो.

माझ्या अनुभवाने असं करावं. अध्यक्षांना आठ-आठ दहा-दहाच्या गोल टेबलवर बसवा, त्यात मोठ्या शहराचे आणि तालुक्याचे मिसळा. उद्घाटन वीस मिनिटांत आटपा. मग प्रत्येक अध्यक्षाच्या हातात त्याच्याच क्लबचा कागद द्या, म्हणजे ती तुमची वही आता कामाला येते: तुमचे मेंबर इतके, तीन वर्षांत इतके गेले, फाउंडेशनला इतके दिले, थकबाकी इतकी. स्वतःच्या क्लबचे आकडे समोर आले की माणूस जागा होतो. मग त्याच्याकडून वर्षभराची फक्त तीन कामं लिहून घ्या, तारखेसकट, आणि त्याची एक प्रत एजीकडे, एक तुमच्याकडे.

भाषा मराठी ठेवा. रोटरीचं सगळं साहित्य इंग्रजीत येतं आणि स्टेजवरही आपण उगाच इंग्रजी बोलतो, पण गावातला खतांचा दुकानदार किंवा सोनार जेव्हा अध्यक्ष होतो तेव्हा त्याला ग्रँटचा नियम मराठीत सांगितला तर तो शंका विचारतो, इंग्रजीत सांगितला तर मान हलवतो. ३१७० सारख्या ठिकाणी कन्नड टेबल वेगळं ठेवावं लागेल, ठेवा.

माय रोटरी या रोटरीच्या वेबसाइटवर लॉगिन कसं करायचं हे तिथेच, प्रत्येकाच्या मोबाईलवर, करून घ्या. नंतर सांगतो म्हटलं की वर्षभर एजीलाच ते करावं लागतं.

पायरी चौथी: पैसे

डिस्ट्रिक्टचा खर्च प्रत्येक मेंबरमागे जी लेव्ही घेतो त्यातून चालतो आणि ती लेव्ही किती हे गव्हर्नर एकटा ठरवत नाही. ट्रेनिंग असेंब्लीत हजर असलेल्या होऊ घातलेल्या अध्यक्षांपैकी तीन-चतुर्थांश लोकांनी मंजूर करावी लागते. बजेट दोन आठवडे आधी सगळ्यांना पाठवा, आयत्या वेळी पडद्यावर दाखवून हात वर करायला लावू नका.

खातं डिस्ट्रिक्टच्या नावाचं, सह्या दोघांच्या, आणि प्रत्येक कार्यक्रमाचा हिशोब वेगळा. वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत स्वतंत्र तपासणी झालेला हिशोब सगळ्या क्लबांना द्यायचा असतो हे नियमातच आहे. हे जमवायचं असेल तर जुलैपासूनच दर महिन्याला फायनान्स कमिटीने बसलं पाहिजे. स्पॉन्सरचा पैसा आला तर तोही त्याच खात्यात, त्याच हिशोबात. सगळ्यात जास्त बोलणी कॉन्फरन्सच्या खर्चावरून बसतात, तेव्हा कॉन्फरन्सचं बजेट रजिस्ट्रेशन आणि लेखी आलेल्या स्पॉन्सरशिपवरच बांधा, "बघू, होईल" यावर बांधू नका. तूट पुढच्या गव्हर्नरवर ढकलणं फार वाईट.

क्लबांचे इंटरनॅशनल ड्यूज वर्षातून दोनदा, जुलै आणि जानेवारीत येतात, आणि १ जुलै व १ जानेवारीला ऑनलाइन यादीत जेवढी नावं असतील तेवढ्यांचं बिल लागतं. त्यामुळे जून आणि डिसेंबरमध्ये यादी तपासून घ्या. जे मेंबर खरंच सोडून गेलेत त्यांची नावं राहिली तर अध्यक्षाला खिशातून भरावे लागतात आणि एकदा असं झालं की तो माणूस रोटरीच्या नावाने कायमचा बोटं मोडतो. थकबाकी राहिली तर क्लब बरखास्त होऊ शकतो, म्हणून एजीने बिल आल्यापासून महिन्याच्या आत प्रत्येक क्लबकडे विचारणा केलीच पाहिजे.

पायरी पाचवी: क्लब व्हिजिट

साधं गणित करा. समजा ९० क्लब आहेत आणि जुलै ते डिसेंबर २६ आठवडे. म्हणजे आठवड्याला साडेतीन व्हिजिट, त्यातून गणपती, नवरात्र, दिवाळी वजा केलं तर चार-साडेचार. नोकरी किंवा दवाखाना सांभाळून हे करायचं तर वेळापत्रक एप्रिलमध्येच तयार हवं, आणि ते बनवताना नकाशाबरोबर पंचांग आणि त्या गावाचा धंदा दोन्ही बघावं लागतं. जूनच्या शेवटी आणि जुलैत पेरण्या असतात, बियाणं-खतांच्या व्यापाऱ्यांचा क्लब तेव्हा रिकामा नसतो. कोकणातले क्लब भर पावसात ठेवू नका, वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात बऱ्याचदा बंद होतात. कारखान्याच्या पट्ट्यात गाळप सुरू व्हायच्या आधी उरकून घ्या. अध्यक्ष सीए असेल तर रिटर्नच्या तारखांच्या आसपास जाऊ नका. पितृपक्षात नव्या प्रोजेक्टचं उद्घाटन ठेवायला काही क्लब तयार होत नाहीत, तिथे त्या पंधरवड्यात जुन्या प्रोजेक्टची पाहणी ठेवा.

व्हिजिटचं स्वरूप आधीच लिहून कळवा: बुके नको, शाल-श्रीफळ नको, मोठा परिचय नको. त्याऐवजी दुपारी चारला प्रोजेक्ट बघायला जाऊ, साडेपाच ते सात बोर्डबरोबर बसू, मग सर्वसाधारण मीटिंग आणि नऊला जेवण. बोर्डाबरोबरचा दीड तास हाच व्हिजिटचा गाभा. त्यात अध्यक्षाला बोलू द्या, पण ट्रेझररलाही विचारा की बँकेत किती आहेत, मेंबरशिप डिरेक्टरला विचारा गेल्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का, आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षाला विचारा तुम्हाला कशाची काळजी वाटते. जे कळेल ते परतताना गाडीतच फोनवर रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी चार ओळींचा मेल अध्यक्षाला आणि एजीला: हे चांगलं चाललंय, हे दोन महिन्यांत करायचं ठरलं. एवढं केलं तरी क्लबला वाटतं कोणीतरी लक्ष देतंय.

प्रोजेक्ट प्रत्यक्ष बघणं टाळू नका. फोटोत डायलिसिस सेंटर झकपक दिसतं, तिथे गेल्यावर कळतं टेक्निशियन आठवड्यातून तीनच दिवस येतो.

पायरी सहावी: ग्रँट, म्हणजे जिथे खरं काम मोठं होतं

दोन प्रकार. डिस्ट्रिक्ट ग्रँट लहान कामांसाठी, डीडीएफच्या जास्तीत जास्त निम्म्या रकमेतून वर्षाला एकदा मिळते आणि तुम्ही ती क्लबांत वाटता. इथे वाटप लहान क्लबांच्या बाजूने झुकतं ठेवा. एका शाळेला मुलींचं स्वच्छतागृह, एका पाड्यावर पाण्याची टाकी, एवढं काम तालुक्याच्या क्लबने एकदा स्वतः करून हिशोबासकट पूर्ण केलं की त्यांचा आत्मविश्वास कुठल्या कुठे पोहोचतो.

दुसरी ग्लोबल ग्रँट. किमान बजेट ३०,००० डॉलर, परदेशातल्या क्लबची भागीदारी हवी, ठरवून दिलेल्या सात क्षेत्रांपैकी एकात काम बसायला हवं, आणि डिस्ट्रिक्टने घातलेल्या डीडीएफवर फाउंडेशनच्या वर्ल्ड फंडातून ८० टक्के मॅच, म्हणजे भर, मिळतो. नुसतं मशीन घेऊन देतो म्हणून ती मिळत नाही. आधी गावात जाऊन गरज तपासल्याचा कागद लागतो, मशीन कोण चालवणार, दुरुस्तीचा खर्च पाच वर्षांनी कोण करणार, हॉस्पिटलशी करार काय, हे सगळं लागतं. हे प्रश्न त्रासदायक वाटतात पण विचारायलाच हवेत, कारण गावोगावी धूळ खात पडलेली दान आलेली उपकरणं आपण सगळ्यांनी पाहिलीत.

क्लबने ग्रँट मॅनेजमेंटचं ट्रेनिंग घेऊन करारावर सही केली असेल तरच तो पात्र होतो, तर ते ट्रेनिंग पेट्सच्या जवळपासच उरका. ग्रँटचं बँक खातं वेगळं, रिपोर्ट वेळेत, कागद किमान पाच वर्षं जपायचे. एका क्लबचा रिपोर्ट अडकला की त्याची झळ बाकीच्यांच्या अर्जांना लागू शकते, म्हणून थकलेल्या रिपोर्टची यादी दर महिन्याला डीआरएफसीकडून मागा.

सीएसआर आता मोठा रस्ता आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, पण ती घ्यायची तर संस्थेची नोंदणी, १२ए, ८०जी (करसवलतीच्या नोंदण्या) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची नोंदणी) हे सगळं जागेवर पाहिजे. लहान क्लबांकडे हे नसतं आणि प्रत्येकाने ट्रस्ट काढून धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशोब देत बसणं शक्यही नसतं. अशा वेळी डिस्ट्रिक्टचा किंवा शेजारच्या मोठ्या क्लबचा ट्रस्ट घ्या, काम तालुक्याच्या क्लबने करायचं, नाव दोघांचं, हिशोब ट्रस्टचा. ही जोडी जमवून देणं हे गव्हर्नरचं काम, दुसरं कोणी करणार नाही.

मेंबरशिप

थोडक्यात सांगतो कारण यावर भाषणं खूप होतात. नवे मेंबर आणण्यापेक्षा आलेले पहिल्या दोन वर्षांत का जातात ते बघा. बहुतेक वेळा कारण एकच असतं, त्यांना काही काम दिलेलं नसतं. पिन लावली, फोटो काढला, संपलं. नवा मेंबर आला की महिन्याभरात त्याला एखाद्या प्रोजेक्टची एक नेमकी जबाबदारी द्या. नवा क्लब काढायला २० जण लागतात, ते जमतात, पण तो क्लब तिसऱ्या वर्षी उभा राहील का हे स्पॉन्सर क्लबचा एक अनुभवी माणूस दोन वर्षं त्यांच्याबरोबर बसतो की नाही त्यावर असतं. असा माणूस आधी शोधा, मग चार्टरची (क्लबच्या स्थापनेची) तारीख काढा.

रोटरॅक्टला आता कमाल वयाची अट नाही आणि २०१९ पासून ते स्वतंत्र सभासदत्व मानलं जातं, तर त्यांना कॉन्फरन्समध्ये स्वयंसेवक म्हणून खुर्च्या उचलायला बोलवू नका, कमिटीत घ्या.

मुलांबरोबर काम करताना

इंटरॅक्ट, रायला (तरुणांचं नेतृत्व शिबिर), युथ एक्स्चेंज यात अल्पवयीन मुलं येतात. इथे ढिलाई अजिबात नको. पालकांची लेखी परवानगी, मुलींबरोबर महिला जबाबदार, कोणताही प्रौढ माणूस मुलाबरोबर एकटा राहणार नाही, राहण्याची जागा आधी बघून आलेली. काही तक्रार आली तर ती क्लबमध्ये मिटवायची नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि रोटरी इंटरनॅशनललाही ७२ तासांत कळवायचं असतं. हे प्रत्येक इंटरॅक्ट जबाबदाराला लेखी द्या, आणि "आपल्या ओळखीचा आहे, चांगला माणूस आहे" हे वाक्य कोणाकडूनही ऐकून घेऊ नका.

भांडणं

होतात. अध्यक्षपदावरून होतात, हिशोब दिला नाही म्हणून होतात, ट्रस्टच्या जागेवरून तर फारच होतात. दोन्ही बाजू वेगवेगळ्या ऐका, क्लबची घटना आणि बायलॉज मागवून घ्या, आणि दुसऱ्या शहरातल्या एखाद्या शांत पीडीजीला (माजी गव्हर्नरला) मध्यस्थ म्हणून पाठवा. स्वतः स्टेजवरून किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाची बाजू घेऊ नका, तो स्क्रीनशॉट वर्षभर फिरतो. मात्र ग्रँटच्या पैशाचा प्रश्न असेल तर मध्यस्थी वगैरे काही नाही, पैसे थांबवायचे, डीआरएफसीला लेखी कळवायचं आणि हिशोब मागायचा. रोटरीची चतुर्विध कसोटी (वागण्याबोलण्याचे चार प्रश्न) आपण प्रत्येक मीटिंगला म्हणतो, त्यातला पहिलाच प्रश्न हे सत्य आहे का असा आहे.

आपत्ती आली तर

कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा पूर, २०२१ च्या जुलैत चिपळूण-महाड, २०२३ ची इर्शाळवाडी. आपल्या भागात हे पुन्हा येणार असं धरूनच १ जुलैच्या आधी तयारी हवी, कारण तुमचं वर्षच पावसाळ्यात सुरू होतं. प्रत्येक जिल्ह्यासाठी एक समन्वयक, त्याच्याकडे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाचा नंबर, कोणाकडे ट्रक आहे, कोणाचं गोडाऊन, कोणते डॉक्टर लगेच निघू शकतात याची यादी.

मदत एकाच ठिकाणाहून आणि मागणीप्रमाणे पाठवा. पूरग्रस्त गावातला क्लब काय पाहिजे ते सांगेल, बाकीच्यांनी तेवढंच पाठवायचं. जुन्या कपड्यांचे ढीग नकोत, ते तिथे रस्त्यावर पडून राहतात. पहिल्या आठवड्यात पिण्याचं पाणी, औषधं, कोरडं अन्न, मग लगेच झाडू, फिनेल, फावडी, गमबूट, चिखल काढायचे पंप. आणि पहिल्या आठवड्यातच सगळे पैसे संपवू नका, महिनाभराने सगळे निघून गेल्यावर शाळेची दप्तरं, छोट्या दुकानदाराचं भांडवल, बुडालेली शिलाई मशीन यांची गरज सुरू होते आणि तेव्हा विचारणारं कोणी नसतं. फाउंडेशनची आपत्ती ग्रँट असते, तिचा अर्ज डीआरएफसीने पहिल्याच दिवसांत करावा. त्या गावचे रोटेरियन स्वतःच पुरात असतात हेही विसरू नका, त्यांच्या घरी आधी माणूस पाठवा.

एवढ्या क्लबांनी एकत्र काम केलं की काय होतं हे पोलिओने दाखवलंय. १९८५ ला रोटरीने पोलिओ प्लस सुरू केलं आणि भारतात शेवटची केस १३ जानेवारी २०११ ला हावड्याला सापडली, २७ मार्च २०१४ ला आपला दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्यात सरकारी यंत्रणा, आशाताई, अंगणवाडी सेविका यांचा वाटा फार मोठा होता आणि त्यांच्याबरोबर रविवारी सकाळी बूथवर बसलेले गावोगावचे रोटेरियन होते.

शेवटचे तीन महिने

एप्रिल उजाडला की लोकांचं लक्ष पुढच्या गव्हर्नरकडे जातं, ते जाऊ द्या. तुम्ही अर्धवट राहिलेल्या कामांची यादी काढा आणि क्लबांना एकेक फोन करा. पुरस्कार देताना लहान क्लबांसाठी वेगळा गट ठेवा, वीस मेंबरच्या क्लबने केलेल्या कामाची तुलना दीडशे मेंबरच्या क्लबच्या आकड्यांशी होऊ शकत नाही. जूनमध्ये मेंबरची यादी, थकबाकी आणि ग्रँट रिपोर्ट हे तीनच विषय एजींबरोबर घ्या.

हँडओव्हर प्रत्यक्ष बसून करा, निदान एक पूर्ण दिवस. बँकेच्या सह्या बदलण्याचे कागद, वेबसाइट आणि ईमेलचे पासवर्ड, चालू ग्रँटच्या फाइली आणि त्यांच्या पुढच्या रिपोर्टच्या तारखा, स्पॉन्सरचे संपर्क, ज्या क्लबांत भांडण चालू आहे त्याची दोन्ही बाजूंची कागदपत्रं. ती क्लबांची वहीही द्या, अद्ययावत करून. मग जुलैत फायनान्स कमिटीला बसवा, ऑगस्टमध्ये तपासणी करून घ्या आणि ३० सप्टेंबरच्या आत हिशोब प्रत्येक क्लबच्या अध्यक्षाला आणि सेक्रेटरीला मेलने पाठवा, शिल्लक रकमेच्या ट्रान्स्फरच्या पावतीसकट.